बाकी सगळं सारखं असेल तर

नाशिकच्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षं तर्कशास्त्र शिकवलं. सासर निफाड तालुक्यातलं, द्राक्षं आणि कांदा यांवर चालणारं. वर्गात नियम शिकवायचे आणि सुटीत मळ्यात गेलं की ते मोडताना बघायचे, असा माझा दुहेरी संसार. विज्ञानाच्या तत्त्वज्ञानात एक जुना वाद आहे. ‘बाकी सगळं सारखं असताना अमुक झालं की तमुक होतं’ अशा विधानाला नियम म्हणायचं की नाही? पंडित या अटीला ‘सेटेरिस पॅरिबस’ म्हणतात. टीकाकारांचं म्हणणं असं की ही शेपटी जोडली की नियम कधीच खोटा ठरत नाही. ‘मी रोज पहाटे पाचला उठतो, ज्या दिवशी उठत नाही तो दिवस सोडून’ असं कोणी म्हणावं, तसं ते होतं.

टीका खोटी नाही, पण अर्धीच आहे. शेपटी लबाडीचीही असते आणि प्रामाणिकही असते. ती ओळखायची कशी, याबद्दल वर्गात आणि मळ्यात जे हाती लागलं ते लिहिते. क्रमांक सोयीसाठी घातले आहेत, महत्त्वाप्रमाणे नाहीत.

१. कांद्याचा नियम सांगणाऱ्याला आधी विचारावं, कुठला कांदा?

आवक वाढली की भाव पडतो आणि भाव वाढला की माल बाजारात येतो. आल्फ्रेड मार्शलने १८९० साली आपला अर्थशास्त्राचा मोठा ग्रंथ काढला, त्यात त्याने ‘बाकी सगळं सारखं’ या अटीला कोंडवाड्याची उपमा दिली आहे. त्रास देणारी बाकीची कारणं तात्पुरती कोंडवाड्यात घालायची, एकाकडे नीट बघायचं, मग एकेक करून बाहेर सोडायची. उपमा खेड्यातल्या माणसाला लगेच पटते. फक्त कोंडवाड्यात काय काय घातलंय, ते सांगणाऱ्याला ठाऊक पाहिजे.

लासलगावच्या बाजारात कांदा एक नाही. खरिपाचा लाल, त्यामागून येणारा रांगडा आणि मार्च-एप्रिलपासून निघणारा उन्हाळ. लाल कांद्यात पाणी जास्त, तो टिकत नाही. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत चार-पाच महिने टिकतो. सासूबाई म्हणायच्या, ‘‘लाल कांद्याला थांबायला घर नसतं.’’ भाव पडलेला असला तरी तो विकावाच लागतो. उन्हाळ कांद्याचं उलट. ऑगस्टमध्ये भाव चढू लागला की पुस्तकाप्रमाणे आवक वाढायला हवी, पण पुष्कळदा ती घटते. ‘अजून चढेल’ असं वाटून शेतकरी चाळीचं दार लावून बसतो. म्हणजे भाव आणि आवक यांच्या नियमात एक गोष्ट गुपचूप धरलेली होती, की उद्याच्या भावाबद्दलचा अंदाज आजच्याइतकाच आहे. तो अंदाज बदलला आणि नियम उलटा फिरला. ही गोष्ट मी अकरावीच्या वर्गात सांगायचे तेव्हा मागच्या बाकावरची, बाजारात बापाबरोबर ट्रॅक्टरवर जाणारी मुलं पहिल्यांदा मान वर करायची.

२. अपवाद दिसला की तिथे दुसरा नियम राहतो असं समजावं

उंचावर गेलं की हवा थंड होत जाते, दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंश. हा भूगोलाच्या पुस्तकातला नियम. निफाड नाशिक शहरापेक्षा थोडं खालीच आहे. तरीही हिवाळ्यात बातमी ठरलेली असते, ‘निफाडचा पारा घसरला.’ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा आकडा नाशिकच्या आकड्याखाली असतो, आणि राज्यातल्या नीचांकांत निफाडचं नाव वारंवार येतं.

नियम खोटा पडला का? नाही. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, रात्र मोठी असली की जमीन आपली ऊब आकाशात सोडून देते. जमिनीला टेकलेली हवा आधी गार होते. गार हवा जड, ती गोदावरी-कादवेच्या सपाट, सखल पट्ट्यात येऊन साचते आणि वरची हवा तिच्यापेक्षा उबदार राहते. उंचीचा नियम सांगताना हवा ढवळली जातेय हे आपण धरलेलं असतं. ढवळणं थांबलं, की दुसऱ्या नियमाचं राज्य सुरू होतं.

माझ्या दिरांनी, भाऊजींनी, हे पुस्तक न वाचता पकडलं होतं. बागेत त्यांनी एक थर्मामीटर घडाच्या उंचीला टांगलेला आणि दुसरा पाण्याच्या टाकीच्या शिडीला, वरच्या पायरीशी. जानेवारीत पहाटे बॅटरी घेऊन दोन्ही वाचायचे. कडाक्याच्या रात्री शिडीवरचा पारा घडापेक्षा वर असायचा. वारा सुटला की दोन्ही सारखे. ‘‘आभाळ आलं वहिनी, की थंडीची भीती जाते आणि भुरीची येते,’’ असं ते म्हणायचे. भुरी म्हणजे वेलीवरचा बुरशीचा रोग. भाऊजींच्या या वाक्यात एक अपवाद, त्याचं कारण आणि त्या कारणाचा दुसरा परिणाम, असं तिन्ही आलं.

जॉन स्टुअर्ट मिलने १८३६ सालच्या एका निबंधात हाच मुद्दा धरला होता. नियम आणि त्याचा अपवाद अशी जोडी नसतेच, दोन कारणं एकाच जागी ओढाताण करत असतात. नियम काय घडेल ते सांगत नाही, ओढ कुठल्या दिशेला आहे ते सांगतो. मला मिलचं म्हणणं बरंचसं पटतं. एक अडचण मात्र उरते. ओढ आहे पण परिणाम दिसत नाही, असं कोणीही कशाबद्दलही म्हणू शकतो. त्यावर उपाय तो शिडीवरचा थर्मामीटर. दुसरं कारण वेगळ्या वाटेने दिसलं पाहिजे.

३. ओलं सरपण शोधावं

पारा फार खाली गेला की बागाईतदार दोन गोष्टी करतात. पहाटे विहिरीचं पाणी ठिबकने सोडतात, कारण ते हवेपेक्षा उबदार असतं. आणि बागेत शेकोट्या पेटवतात. मण्यांची फुगवण थांबते, तयार मणी तडकतात, म्हणून ही धडपड.

शेकोटी बघितली की मला न्यायशास्त्र आठवल्याशिवाय राहत नाही. जिथे धूर तिथे अग्नी, हे सगळ्यांना माहीत आहे. नैयायिकांनी उलटं विचारलं. जिथे अग्नी तिथे धूर, हे खरं का? नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. मग आपल्याला ते खरं का वाटत होतं? कारण चुलीत, होमात, शेकोटीत प्रत्येक वेळी सरपणात थोडी ओल होती. ती न सांगितलेली ओल म्हणजे ‘उपाधी’. धूर असेल तिथे ती असतेच, पण अग्नी असेल तिथे असेलच असं नाही. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात हे उदाहरण आहे, आणि चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशाने उपाधीची जी चिकित्सा केली ती वाचली की पाश्चात्य मंडळी विसाव्या शतकात कुठल्या वाटेने चालली होती ते कळतं. आठल्ये-बोडसांची तर्कसंग्रहाची आवृत्ती ग्रंथालयात होती. पोरं ती परीक्षेपुरती चाळायची. मी त्यांना सांगायचे, उपाधीवरची पानं परीक्षेत आली नाहीत तरी वाचा.

कारण उपाधी म्हणजे ‘बाकी सगळं’ या गाठोड्यातून नाव घेऊन बाहेर काढलेली एक वस्तू. ‘अग्नी असला की धूर असतो, बाकी सगळं सारखं असेल तर’ यात माहिती कमी आणि सोय जास्त. ‘ओल्या सरपणाचा अग्नी असला की धूर असतो’ यात माहिती आहे, आणि ते तपासता येतं. छाटणीच्या वाळलेल्या काड्या पेटवा, धूर नावाला. त्यावर ओलं गवत टाका, डोळे चुरचुरतील.

शेकोटीतच आणखी एक मोडणारा नियम आहे. जाळ मोठा तितकी ऊब जास्त, असं कोणालाही वाटतं. पण मोठ्या जाळाची गरम हवा वरच्या उबदार थराला भेदून निघून जाते आणि आजूबाजूची गार हवा जाळाकडे ओढून आणते. लहान लहान शेकोट्या पसरून लावल्या तर ऊब त्या थराखाली अडकते आणि घडांपर्यंत पोहोचते. धुराने ऊब अडते हा समजही तसाच. धुराचे कण जमिनीची ऊब रोखायला फार बारीक पडतात. गावात अजूनही ओलं गवत टाकून धूर करणारे आहेत, आणि दरवर्षी आमच्याकडे त्यावर वाद होतो.

४. सबब आणि कारण यांतला फरक तारखेत असतो

औषधाच्या दुकानात उभं राहून हे शिकावं. फवारणीआधी विक्रेता सांगतो, ‘‘शंभर टक्के रिझल्ट.’’ फवारून डाऊनी हा पानावरचा बुरशीचा रोग आटोक्यात आला नाही, की कारणांचा पाऊस. पाणी जड होतं, पीएच जमला नाही, पानाच्या मागच्या बाजूला औषध गेलं नाही, फवारणीनंतर दव पडलं. यातलं प्रत्येक कारण खरं असू शकतं, अडचण तीच आहे. म्हणून भाऊजींनी एक सवय लावून घेतली. बाटली घेण्याआधीच विचारायचं, ‘‘कधी चालणार नाही ते आत्ता सांगा.’’ काही विक्रेते चिडायचे. जे नीट सांगायचे, त्यांच्याकडे आम्ही परत गेलो.

हाच प्रसंग आकाशातही घडला आहे. युरेनस न्यूटनच्या गणिताप्रमाणे चालत नव्हता. उर्बें ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाने म्हटलं, नियम खरा आहे, बाहेर एखादा न दिसलेला ग्रह ओढतोय, आणि तो कुठे असेल ते गणिताने काढलं. १८४६ च्या सप्टेंबरात बर्लिनच्या वेधशाळेत गालेने दुर्बीण रोखली आणि नेपच्यून सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतही थोडा फरक निघाला. १८५९ साली त्याच माणसाने तीच युक्ती केली. सूर्याजवळ आणखी काहीतरी आहे, एक ग्रह असेल. त्याचं ‘व्हल्कन’ असं नावही पडलं. कित्येकांनी शोधला, मिळाला नाही. तो फरक, शतकाला त्रेचाळीस विकला, १९१५ मध्ये आइन्स्टाइनने नियमच बदलून सोडवला.

दोन्ही वेळी ल व्हेरिएच्या वागण्यात खोट नव्हती. ‘बाकी सगळं सारखं नाही’ असं म्हणून तो थांबला नाही, काय वेगळं आहे आणि कुठे आहे ते सांगितलं. एकदा ते सापडलं, एकदा नाही. पॉल पिट्रोस्की आणि जॉर्जेस रे यांनी १९९५ साली या वादावर जो तोडगा सुचवला तो साधारण हाच. नियम मोडला तर मोडणारी गोष्ट दाखवा, आणि ती गोष्ट फक्त हा नियम वाचवण्यापुरती नसावी, तिचा आणखी कुठेतरी परिणाम दिसावा. नेपच्यून कुणी शोधला नसता तरी आकाशात होता. व्हल्कनला ल व्हेरिएच्या वहीबाहेर घर नव्हतं.

५. यादी पुरी होत नाही

युरोपात पाठवायच्या द्राक्षांत औषधांचे उर्वरित अंश किती आहेत याची तपासणी होते. कुठली रसायनं तपासायची याची यादी ठरलेली असते. २०१० च्या हंगामात आपल्या प्रयोगशाळांतून पास होऊन गेलेली द्राक्षं युरोपात अडकली, कारण तिथे क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. बागेत त्याला सीसीसी किंवा लिहोसिन म्हणतात. शेंड्याची फाजील वाढ रोखायला ते वापरायचे. ते आपल्याकडच्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. ‘यादीतलं सगळं मर्यादेत असेल तर माल पास’ हा नियम पाळलेला होता, आणि माल नापास झाला. जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांना तो हंगाम अजून आठवतो. पुढे ते रसायन यादीत आलं. पुढचं जे येईल ते आज यादीत नाही, एवढं मात्र आजही खरं आहे.

कार्ल हेम्पेलने १९८८ च्या निबंधात हेच भौतिकशास्त्राबद्दल म्हटलं. सिद्धान्त वापरताना आपण काही अटी धरतो, आणि त्या अटी त्या सिद्धान्ताच्या भाषेत पुऱ्या मांडताच येत नाहीत. चुंबकाचा सिद्धान्त फक्त चुंबकाबद्दल बोलतो. खिडकीतून वारा आला आणि टांगलेलं चुंबक हललं, तर वाऱ्याबद्दल बोलायला त्याच्याजवळ शब्द नसतात.

माणसांनी केलेल्या कायद्याला हे सोपं जावं असं वाटतं, कारण तिथे अपवाद आकड्यांत लिहिता येतो. २०२० मध्ये अत्यावश्यक वस्तू कायद्यात बदल करून कांद्यासारख्या मालावरच्या साठ्याची बंधनं उठवली, आणि अपवाद स्पष्ट लिहिला. फळं-भाज्यांचा किरकोळ भाव आधीच्या बारा महिन्यांतला भाव किंवा पाच वर्षांची सरासरी, यातलं जे कमी असेल त्याहून शंभर टक्के वाढला तर बंधनं परत आणता येतील. इतका नेटका अपवाद मी दुसरा पाहिलेला नाही. पण संसदेत त्यावर मोहोर उठत होती त्याच सप्टेंबरात, १४ तारखेला, कांद्याची निर्यात बंद झाली. ती या कायद्याने नव्हे, परकीय व्यापाराच्या कायद्याने. ऑक्टोबरात साठ्याच्या मर्यादाही आल्या. अपवादाचं दार एवढं मापून बसवलं आणि धक्का शेजारच्या भिंतीतून आला. पुढच्याच वर्षी तो बदलही बाकीच्या दोन कृषी कायद्यांबरोबर मागे घेतला गेला.

६. परगावचा नियम उसना घेताना तिथला हिवाळाही विचारावा

द्राक्षाची पुस्तकं मूळची थंड मुलखातली. हिवाळ्यात वेल झोपते, पानं झडतात, छाटणी करायची, वसंतात फूट, शरदात फळ. एक छाटणी, एक पीक. आपल्याकडे वेलीला झोपवणारा हिवाळाच नाही. म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, दोन छाटण्या आणि एक पीक, आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट. थंडीने जे काम फुकट करायला हवं ते आपण बाटलीतून विकत घेतो.

तालुका बदलला की हाही नियम बदलतो. सटाण्याकडे, बागलाणात, ‘ऑक्टोबर छाटणी’ बरेच जण जून-जुलैपासूनच घेऊ लागतात. तिकडे पाऊस कमी, म्हणून पावसाळ्यात फूट काढायचा जुगार परवडतो, आणि माल नोव्हेंबर-डिसेंबरात, बाजारात दुसरं कोणी नसताना जातो. दिंडोरीच्या माणसाने तेच केलं तर डाऊनी त्याला घरी बसवेल.

खरड छाटणीनंतरच्या उन्हात काडीमध्ये पुढच्या हंगामाचे घड सूक्ष्म रूपात ठरतात. २०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच कोसळायला लागला. मान्सून २६ मे रोजी मुंबईत पोहोचला, नोंदीतल्या सगळ्यात लवकरच्या तारखांपैकी ही एक. काड्यांना ऊन मिळालं नाही. त्या वर्षी ‘ऑक्टोबरात छाटणी केली की घड निघतात’ हा नियम मोडला, आणि मोडल्याचं कारण पाच महिने आधीच घडून गेलं होतं. काळाने मागे असलेल्या अटी माणूस हमखास विसरतो, कारण छाटणीच्या दिवशी आकाश निळंशार असतं.

७. सरासरीला नियम म्हणू नये

जिल्ह्याचा पाऊस अमुक मिलिमीटर, असं सरकारी पुस्तिकेत असतं. इगतपुरीला तीन हजारांवर पडतो, येवला-मालेगावकडे पाचशेच्या आसपास. सरासरीचा पाऊस ज्याच्या शेतात पडतो असा शेतकरी शोधायला गेलं तर बरंच फिरावं लागेल. यापलीकडे या मुद्द्यात काही नाही.

८. नियम पाळला जावा म्हणून मांडव घालावा लागतो

नॅन्सी कार्टराइट या विदुषीने १९८३ साली एक पुस्तक लिहिलं, त्याचं म्हणणंच हे की भौतिकशास्त्राचे नियम खोटं बोलतात. गुरुत्वाकर्षणाचा नियम दोन वस्तूंमध्ये किती ओढ आहे ते सांगतो. पण त्याच वस्तूंवर विद्युतभार असेल तर त्या नियमाने सांगितल्याप्रमाणे त्या हलत नाहीत. नियम जसाच्या तसा फक्त तिथे खरा, जिथे बाकीचं सगळं अडवलेलं आहे. ते अडवायला माणूस प्रयोगशाळा बांधतो. १९९९ सालच्या पुस्तकात त्यांनी हेच पुढे नेलं. नियम जगात पसरलेले नाहीत, ते ठिगळा-ठिगळांनी आहेत, आणि बरीचशी ठिगळं आपण लावलेली आहेत.

जॉन इअरमन आणि जॉन रॉबर्ट्स यांनी यावर आक्षेप घेतला. त्यांच्या मते मुळातल्या भौतिक नियमांना अशी शेपटी नसते. शेपटी लागते ती ते आपल्या पसाऱ्याला लावताना, आणि अर्थशास्त्र-जीवशास्त्राच्या विधानांना तर ते पुरे नियम म्हणायलाच तयार नव्हते. मुळातल्या समीकरणांबद्दल त्यांचं बरोबर असेलही, तो माझा प्रांत नाही. पण मळ्यात समीकरण कोणी भेटत नाही. तिथे मी कार्टराइटबाईंच्या बाजूची.

गेल्या काही वर्षांत आमच्या भागात द्राक्षबागांवर प्लास्टिकचं आच्छादन चढू लागलं. वरून पाऊस आला तरी पान कोरडं राहतं, डाऊनीचं गणित बदलतं, फवारण्या कमी होतात. बागेचा एक तुकडा माणसाने ‘बाकी सगळं सारखं’ करून ठेवला. त्याचा खर्च एकराला काही लाखांत जातो. म्हणजे या अटीला किंमत असते, आणि ती पावतीवर दिसते. शिवाय आतली हवा कोंडते आणि भुरीला तेच आवडतं, ही पुढची कटकट.

लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ पासून आहे. गॅमा किरणांचा हलका मारा केला की कांद्याला कोंब येत नाही. हा नियम पक्का आहे, पण त्याचा मांडव अरुंद आहे. कांदा नीट सुकलेला हवा, काढणीनंतर लवकर, तो सुप्तावस्थेत असतानाच मारा व्हायला हवा, आणि कोंब थांबला म्हणजे सड थांबली असं नाही. उन्हाळ कांदा सगळा एकदमच निघतो, म्हणून ‘लवकर’ ही अट सगळ्यांना एकाच वेळी पाळता येत नाही. २००७ मध्ये याच केंद्रातून विकिरण केलेला आंबा अमेरिकेला गेला. कांद्याकरता बांधलेल्या घराचं नाव आंब्याने मोठं केलं. मला यात विज्ञानाचं अपयश दिसत नाही. कांद्याचा नियम जिथे चालतो ती जागा कांद्याच्या बाजारापेक्षा लहान निघाली, एवढंच.

९. ‘बाकी सगळं’मध्ये कोण बसलंय ते बघावं

हा धडा तर्काच्या पुस्तकात नाही. कोंडवाड्यात काय घालायचं हे कोणीतरी ठरवतं. दिल्लीतल्या टेबलावर किरकोळ भाव हा प्रश्न असतो, तेव्हा शेतकऱ्याच्या हातात काय पडलं ते ‘बाकी सगळं’ होतं. निफाडच्या ओट्यावर नेमकं उलट. शहरातल्या बाईला कांदा काय भावाने मिळतो ते आमच्याकडे कोंडवाड्यात असतं, हे मान्य केलं पाहिजे.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्यावर चाळीस टक्के निर्यात शुल्क लागलं. ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद. त्या वेळी बाजारात लाल कांदा होता, म्हणजे ज्याला थांबायला घर नसतं तो. बऱ्याच बाजार समित्यांत लिलाव थांबले, भाव कोसळला. बंदी २०२४ च्या ४ मे रोजी उठली, पण टनाला साडेपाचशे डॉलर किमान भाव आणि चाळीस टक्के शुल्क मागे ठेवून. सप्टेंबरात किमान भाव गेला, शुल्क वीस टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेलं.

आता नियमाप्रमाणे काय व्हावं? निर्यातीचा अडसर गेला, मागणी वाढली, भाव चढला. गावात सगळे तेच बोलत होते. भाव चढला नाही. उन्हाळ कांदा त्या वर्षी भरपूर निघाला होता. बांगलादेश, आपलं मोठं गिऱ्हाईक, आयातीला हात आखडता घेत होता. बंदीच्या काळात परदेशातली गिऱ्हाइकं दुसऱ्या देशांच्या मालाकडे वळली, ती अजून परतली नाहीत, असं व्यापारी सांगत होते.

भाऊजी बांगलादेशवर बोट ठेवतात. त्यांचा मुलगा म्हणतो, आवकच एवढी की कोणी घेतलं असतं तरी फरक पडला नसता. मी दोघांना एकच विचारते, यातलं कुठलं कारण मार्च महिन्यात, भाव बघायच्या आधी, दिसत होतं? आवक दिसत होती. लागवडीचा अंदाज होता, चाळी भरत होत्या, बाजार समितीच्या फळ्यावर रोजचा आकडा होता. बांगलादेशचं धोरणही वर्तमानपत्रात येत होतं. तुटलेल्या गिऱ्हाइकांचं मात्र फक्त नंतर सांगितलं गेलं. कदाचित तेही खरं असेल. ते तपासायचं तर निर्यातीचे आकडे देशागणिक, महिन्यागणिक घेऊन बसावं लागेल. बंदीपूर्वीच्या हंगामांशी ते ताडून बघावे लागतील, आणि ज्या देशाशी आपलं भांडण नव्हतं तिथेही खप घटला का ते पाहावं लागेल. भाऊजींच्या मुलाने ते काम अंगावर घेतलंय. त्याच्या लॅपटॉपवर तक्ता अर्धा भरलाय, मलेशिया आणि श्रीलंकेचे रकाने अजून रिकामे आहेत.